मायक्रोकंट्रोलर कुठल्या मोडमध्ये उठणार हे ठरतं कुठे? नवीन कामाला लागलेल्यांसाठी

महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात डिप्लोमा नाहीतर डिग्री करून कुणी नवीन रुजू झालं, की पहिल्या आठवड्यातली तक्रार बहुधा ठरलेली असते. एकतर "कोड अपलोड होत नाहीये", नाहीतर "अपलोड झाला, पण चालतच नाहीये". दोन्ही वेळा माणूस कोड उघडून बसतो. निम्म्याहून जास्त वेळा कोडचा काही दोष नसतो. चिप तुम्हाला हव्या त्या मोडमध्ये उठलेलीच नसते.

कॉलेजात तुम्ही ८०८६ प्रोसेसरचे मिनिमम आणि मॅक्सिमम मोड पाठ केलेत. ३३ नंबरची पिन पाच व्होल्टला जोडली की काय, ग्राउंडला जोडली की काय, यावर मार्कही मिळवलेत. तोच प्रश्न आता टेबलावर येतो, फक्त चिपचं नाव वेगळं असतं आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. त्यामुळे खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. मधली एखादी गाळून पुढे गेलात तर पुन्हा मागे यावं लागेल.

१. आधी सामान आणि कागद जमवा

हाताशी एवढं हवं:

- मल्टिमीटर. साधा चालेल, पण प्रोबची टोकं बारीक हवीत.
- यूएसबी ते सीरियल अडॅप्टर, ३.३ व्होल्टचा. ३.३ आणि ५ असा जंपर असलेला घेतलात तर ८०५१ लाही कामाला येतो.
- एसटी-लिंक (एसटीएम३२ चिपांचा प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये कोड भरणारं उपकरण) किंवा तुमच्या चिपचा जो असेल तो प्रोग्रामर.
- १० किलोओमचे रेझिस्टर मूठभर, जंपर वायर, एक-दोन टॅक्ट स्विच.
- डेटा जाणारी यूएसबी केबल. फक्त चार्जिंगची केबल घेऊन अर्धा दिवस घालवणारे दर बॅचला भेटतात.

ठाण्यात किंवा वाशीत हे सगळं एका दुकानात मिळेलच असं नाही. ऑनलाइन मागवायचं नसेल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

कागद दोन: चिपची डेटाशीट आणि तिचं रेफरन्स मॅन्युअल. डेटाशीटमध्ये कुठली पिन कुठे आहे ते मिळतं, तर रिसेटच्या वेळी ती पिन कशी वाचली जाते ते बऱ्याचदा मॅन्युअलमध्ये असतं. एसटीएम३२ वर काम असेल तर 'एएन २६०६' ही अॅप्लिकेशन नोटही उतरवून ठेवा. कुठल्या चिपचा बूटलोडर (नवीन कोड आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) कुठल्या पिनांवर बोलतो, त्याची यादी तिच्यात आहे. बोर्डाचा सर्किट डायग्रॅम मिळाला तर उत्तमच. तो नसेल तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पिनपासून मागे मागे जायचं.

२. 'मोड' म्हणजे नेमका कुठला मोड, ते ठरवा

गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण सगळे सगळ्यालाच मोड म्हणतात. तीन प्रकार वेगळे ठेवा.

पहिला बूट मोड: चिप जागी झाली की पहिली सूचना कुठून उचलणार? आतल्या फ्लॅशमधून (कोड साठवायची मेमरी), कारखान्यातून येतानाच आत भरलेल्या बूटलोडरमधून, की बाहेरच्या मेमरीतून? हे बहुतेक वेळा पिनांवर ठरतं.

दुसरा प्रोग्रामिंग मोड: प्रोग्रामर चिपचा ताबा घेतो आणि चिप तुमचा कोड चालवायचं सोडून नवीन कोड आत घेते. हा रिसेट पिन, ठरावीक व्होल्टेज किंवा ठरावीक सिग्नल देऊन निवडला जातो.

तिसरा पॉवर मोड, म्हणजे झोपेचे प्रकार. हे तुमचा कोडच निवडतो, रजिस्टरमधले बिट लिहून.

शिवाय एआरएम कॉर्टेक्स-एममध्ये थ्रेड मोड आणि हँडलर मोड असतात. इंटरप्ट आला की कोअर आपोआप हँडलर मोडमध्ये जातो. सुरुवातीला त्याकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

३. पिना कधी वाचल्या जातात हे समजून घ्या

लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बूट मोडच्या पिनांकडे चिप सतत बघत नसते. रिसेट सुटतो त्या क्षणी एकदा बघते, काय दिसलं ते आत धरून ठेवते आणि पुढच्या रिसेटपर्यंत तेच धरून चालते. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडताना इंडिकेटरवर वाशी आहे की पनवेल ते चढण्याआधी बघावं लागतं, तुर्भे गेल्यावर बघून उपयोग नसतो. इथेही तसंच आहे.

त्यामुळे क्रम असा: आधी पिन हवी तशी करा, मग रिसेट द्या, मग पिन सोडा. चिप चालू असताना जंपर बदलून "काहीच फरक पडला नाही" म्हणणं हा पहिला सापळा.

दुसरा सापळा मोकळ्या सोडलेल्या पिनेचा. 'काही जोडलं नाही म्हणजे शून्य' असं सीमॉस इनपुटमध्ये नसतं. अशी पिन शेजारच्या ट्रॅकच्या, बोटाच्या, बोर्डावर उरलेल्या फ्लक्सच्या प्रभावाने कुठेही जाते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर जास्तच. मीटर लावल्यावर ती शून्य दाखवेल, कारण मीटरच तिला खाली ओढतो. प्रोब उचलला की पुन्हा मोकळी. म्हणून मोडच्या प्रत्येक पिनेला एकतर पुल-अप (सप्लायकडे ओढणारा रेझिस्टर) हवा, नाहीतर पुल-डाउन (ग्राउंडकडे ओढणारा). काही चिपांमध्ये तो आतूनच असतो, काहींमध्ये नसतो. डेटाशीट बघितल्याशिवाय आतून असेल असं गृहीत धरू नका.

४. ८०५१ पासून सुरू करा, कारण तो तुम्हाला माहीत आहे

एटी८९एस५२ या ८०५१ घराण्यातल्या चिपच्या ३१ नंबरच्या पिनेला ईए म्हणतात. ती व्हीसीसीला (सप्लायला) असेल तर चिप आतल्या ८ केबी फ्लॅशमधून कोड चालवते आणि त्यापुढचा पत्ता आला तरच बाहेर जाते. ती ग्राउंडला असेल तर पहिल्या सूचनेपासून सगळं बाहेरच्या मेमरीतून. तुमच्या बोर्डावर बाहेरची मेमरीच नसेल, तर चिप हवेत हात मारत बसते.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. २९ नंबरच्या पीसेन पिनेवर लॉजिक प्रोब किंवा स्कोप लावा. तिथे पल्स दिसत असतील तर चिप बाहेरून कोड मागतेय, म्हणजे ईए नीट बांधलेली नाही. ब्रेडबोर्डवर ३१ नंबरची वायर अर्धवट बसलेली असणं हे याचं नेहमीचं कारण. कोडला कुलूप लावणारा पहिला लॉक बिट प्रोग्राम केलेला असेल तर ईएची स्थिती रिसेटच्या वेळी धरून ठेवली जाते, हेही माहीत असू द्या.

प्रोग्रामिंग मोडसाठी हीच चिप ९ नंबरची रिसेट पिन हाय धरून ठेवायला लावते, आणि मग पोर्ट १ च्या ५, ६, ७ या पिनांवरून कोड आत घेते. ८०५१ मध्ये रिसेट हाय असताना लागू होतो, एसटीएम३२ आणि ईएसपी३२ मध्ये लो असताना. एकावरून दुसऱ्यावर आलात की रिसेटच्या बटणाचं सर्किट तसंच्या तसं उचलू नका.

५. एसटीएम३२: दोन जंपर, तीन रस्ते

शिकायला बहुतेकांच्या हातात येतो तो एफ१०३ चा निळा बोर्ड. वरच्या अंगाला दोन जंपर असतात, बूट० आणि बूट१. बूट१ म्हणजेच पीबी२ ही पिन.

- बूट० लो: मुख्य फ्लॅश, म्हणजे तुमचा कोड. बूट१ काहीही असो.
- बूट० हाय, बूट१ लो: सिस्टम मेमरी, म्हणजे कंपनीने आत भरलेला बूटलोडर.
- बूट० हाय, बूट१ हाय: एसरॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी. हा रोजच्या कामात लागत नाही.

रिसेटनंतर सिस्टम क्लॉकच्या चौथ्या रायझिंग एजला या पिना वाचल्या जातात. स्टँडबाय झोपेतून उठतानाही त्या पुन्हा वाचल्या जातात, हे मात्र बरेच जण विसरतात.

सीरियलवरून कोड टाकायचा तर:

अ. बूट० हायला, बूट१ लोला.
आ. अडॅप्टरचा आरएक्स पीए९ ला, टीएक्स पीए१० ला, ग्राउंड ग्राउंडला.
इ. रिसेटचं बटण दाबून सोडा.
ई. क्यूबप्रोग्रामरमध्ये (एसटीचं कोड टाकायचं सॉफ्टवेअर) यूएआरटी, म्हणजे सीरियल, निवडा, पॅरिटी 'इव्हन' ठेवा आणि कनेक्ट करा.
उ. कोड टाकून झाला की बूट० परत लोला आणि पुन्हा रिसेट.

'ई' मध्ये पॅरिटी 'नन' ठेवली तर बूटलोडर गप्प बसतो आणि तुम्ही वायरी बदलत बसता. आणि एफ१०३ च्या या कारखान्यातल्या बूटलोडरला यूएसबी येत नाही. बोर्डावरचं यूएसबी सॉकेट बघून लॅपटॉपला लावलंत तर काहीच दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

'उ' विसरलात तर मजा पुढे येते. प्रोग्रामर अपलोडनंतर कोड थेट सुरू करून देऊ शकतो, त्यामुळे एलईडी लुकलुकतो, सगळे खूश होतात, बोर्ड डब्यात बसतो. मग एकदा लाइट जाऊन आली की चिप पुन्हा बूटलोडरमध्ये. डबा उघडल्याशिवाय हे कळत नाही.

आणखी एक सापळा क्यूबएमएक्सचा, म्हणजे पिना आणि सेटिंग मांडून कोड बनवून देणाऱ्या एसटीच्या सॉफ्टवेअरचा. सिस्टम विभागात डीबगसमोर 'सीरियल वायर' निवडलं नाही, तर एफ१ मालिकेत तुमचाच कोड चालू होताना एसटी-लिंक जोडायच्या पीए१३ आणि पीए१४ या पिना बंद करून टाकू शकतो. पहिल्यांदा एसटी-लिंकने कोड जातो, दुसऱ्यांदा "टार्गेट सापडत नाही". चिप मेली म्हणून ती काढायला सोल्डरिंग गन तापवू नका. बूट० हायला घ्या, रिसेट द्या. आता तुमचा कोड चालतच नाहीये, त्यामुळे एसटी-लिंक जोडला जातो. फ्लॅश पुसा, बूट० परत लोला आणि क्यूबएमएक्समधली चूक दुरुस्त करा.

नवीन मालिकांमध्ये पिनेबरोबर ऑप्शन बिटही (चिपमध्ये साठवलेली सेटिंग) आले आहेत. जी० मालिकेत बूट० आणि एसडब्ल्यूडीचं (एसटी-लिंक जिच्यावरून बोलतो ती सीरियल वायर) क्लॉक पीए१४ या एकाच पिनेवर आहेत, आणि कारखान्यातून येताना चिप पिनेकडे बघतच नाही, ऑप्शन बिटकडे बघते. एफ१०३ ची सवय घेऊन जी० ला बसलात तर बूट० कितीही वेळा हाय करा, काही होणार नाही. आधी ऑप्शन बाइट वाचा.

ऑप्शन बाइटमध्ये असताना रीड प्रोटेक्शनला (कोड बाहेरून वाचू न देणारं कुलूप) सांभाळून हात लावा. ज्या मालिकांमध्ये लेव्हल २ आहे, तिथे ते एकदा लावलं की डीबगही गेलं आणि बूटलोडरही गेला, कायमचे. तो बोर्ड जसा आहे तसाच राहणार.

६. ईएसपी३२: पाच पिना, आणि त्यातली १२ नंबरची

इथे मोडच्या पिनांना स्ट्रॅपिंग पिना म्हणतात: जीपीआयओ ०, २, ५, १२ आणि १५. रोजच्या वापरातलं असं:

- ० हाय: फ्लॅशमधला तुमचा कोड.
- ० लो आणि २ लो: डाउनलोड मोड.
- १२: फ्लॅशला किती व्होल्ट द्यायचे. लो म्हणजे ३.३, हाय म्हणजे १.८.
- १५ लो: सुरुवातीचे बूटचे मेसेज बंद.

बोर्डावर यूएसबी चिपच्या डीटीआर आणि आरटीएस लाइन दोन ट्रान्झिस्टरमधून ईएन (चिपची रिसेट पिन) आणि जीपीआयओ ० ला जोडलेल्या असतात. म्हणून अपलोड आपोआप होतो आणि मोड नावाचं काही असतं हेच तुम्हाला कळत नाही. नुसतं मॉड्यूल घेतलंत की कळतं. तेव्हा हाताने करा: बूटचं बटण दाबून धरा, ईएन दाबून सोडा, मग बूट सोडा. टर्मिनल ११५२०० वर ठेवा. ओळीत 'डाउनलोड बूट' आणि खाली 'वेटिंग फॉर डाउनलोड' दिसलं की जमलं. 'फास्ट फ्लॅश बूट' दिसलं तर चिप नेहमीसारखी उठली आहे. अंदाज बांधू नका, ही ओळ वाचा. जुन्या ईएसपी८२६६ मध्ये हेच मेसेज ७४८८० च्या वेगाने येतात. ११५२०० वर कचरा दिसतो म्हणून चिप खराब ठरवू नका.

आता बाराव्या पिनेची गोष्ट. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत गच्चीवरच्या टाकीचा कंट्रोलर बसवलेला होता. टाकी भरली की फ्लोट स्विच जीपीआयओ १२ ला ३.३ व्होल्टशी जोडायचा आणि पंप बंद व्हायचा. टेबलावर सगळं व्यवस्थित. सोसायटीत मात्र कधी लाइट जाऊन आली की डिस्प्ले काळा, वायफाय गायब. वॉचमन फोन करायचा, माणूस जाईपर्यंत दोन-तीन तास व्हायचे, आणि तोवर कंट्रोलर आपला आपण चालू झालेला असायचा. सप्लाय बदलून झाला, अँटेना बदलून झाली.

लाइट आली तेव्हा टाकी भरलेली होती, एवढंच त्याचं कारण. फ्लोट बंद, जीपीआयओ १२ हाय, चिपने ३.३ व्होल्टच्या फ्लॅशला १.८ व्होल्ट दिले, फ्लॅश वाचता आली नाही. वॉचडॉग (चिप अडकली की तिला रिसेट देणारा टायमर) रिसेट देत राहिला, आणि दर वेळी पिन हायच दिसत राहिली. सकाळी पाणी वापरलं गेलं, फ्लोट खाली आला, पुढच्या रिसेटला पिन लो दिसली आणि सगळं सुरळीत. लॅपटॉप घेऊन कुणी गच्चीवर पोहोचेपर्यंत पुरावाच नाहीसा. टर्मिनल लावून फ्लोट हाताने वर धरला आणि लाइट बंद-चालू केली, तेव्हा 'फ्लॅश रीड एरर' च्या ओळींची माळच लागली.

उपाय दोन मिनिटांचा होता: फ्लोटची वायर २७ वर घेतली. ईफ्यूज (चिपमधला एकदाच लिहिता येणारा बिट) जाळून फ्लॅशचं व्होल्टेज कायमचं ३.३ करता येतं, पण ईफ्यूज परत फिरत नाही, म्हणून मी तरी आधी वायर हलवतो. बाहेरून येणाऱ्या सेन्सर-स्विचसाठी २५, २६, २७, ३२, ३३ या पिना निवांत आहेत. ३४ ते ३९ सुद्धा चालतात, पण त्या फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतून पुल-अप नाही, तो तुम्ही द्यायचा.

२ नंबरलाही असाच त्रास होतो. तिथे बाहेरून पुल-अप लावलात तर कोड चालतो, पण अपलोड अडतो.

७. बाकीच्यांचं थोडक्यात

पिको (रास्पबेरी पायचा छोटा बोर्ड): बूटसेलचं बटण दाबून धरून यूएसबी लावा. पेनड्राइव्हसारखी डिस्क उघडते, तिच्यात यूएफ२ फाइल टाका. सगळ्यांत सोपा मामला.

एटीमेगा३२८पी: इथे मोड फ्यूजमध्ये, म्हणजे चिपमध्ये साठवलेल्या सेटिंगमध्ये. दुकानातून आणलेल्या कोऱ्या चिपमध्ये आर्डुइनोचा बूटलोडर नसतो, आणि ती आतल्या ८ मेगाहर्ट्झला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. क्रिस्टल न लावता क्लॉकचा फ्यूज बाहेरच्या क्रिस्टलवर टाकलात तर प्रोग्रामर जोडला जाणार नाही. क्रिस्टल लावा, जोडला जाईल. रिसेट पिन बंद करणारा फ्यूज मात्र टाळाच, मग १२ व्होल्टच्या प्रोग्रामरशिवाय सुटका नाही.

पिक१६एफ८७७ए: एलव्हीपी (कमी व्होल्टेजवरचं प्रोग्रामिंग) चालू असेल तर आरबी३ ही प्रोग्रामिंग मोडची पिन होते. ती मोकळी सोडलीत तर चिप मधेच थबकते. एलव्हीपी लागत नसेल तर कॉन्फिगरेशनमध्ये बंद करा.

८. झोपेचे मोड शेवटी करा

कोड उठतो, चालतो, लाइट जाऊन आल्यावर पुन्हा उठतो, हे झाल्याशिवाय बॅटरी वाचवायच्या मागे लागू नका. एफ१०३ मध्ये तीन पातळ्या आहेत: स्लीप, स्टॉप, स्टँडबाय. स्लीपडीप बिट आणि पीडीडीएस बिट काय आहेत यावर डब्ल्यूएफआय ('इंटरप्टची वाट बघ') सूचना तुम्हाला कुठे नेणार ते ठरतं.

स्टॉपमधून उठल्यावर क्लॉक आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या एचएसआयवर आलेला असतो. तो पुन्हा सेट केला नाहीत तर सीरियलवर कचरा येतो. स्टँडबायमध्ये रॅम पुसली जाते आणि कोड पहिल्यापासून सुरू होतो. जपायचं ते बॅकअप रजिस्टरमध्ये ठेवा. ईएसपी३२ च्या डीप स्लीपचंही तसंच, तिथे आरटीसी मेमरी वापरायची. ईएसपी८२६६ ला टायमरने उठवायचं तर जीपीआयओ १६ ची वायर रिसेटला जोडावी लागते, नाहीतर ती झोपली ती झोपलीच.

चिप सतत झोपत असेल तर एसटी-लिंकला ती सापडत नाही. सेटिंगमध्ये 'कनेक्ट अंडर रिसेट' निवडा आणि एनरिसेटची वायर खरंच जोडा. आणि डीप स्लीपचा करंट डेव्हलपमेंट बोर्डावर मोजू नका. बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि लाल एलईडी हे झोपत नाहीत.

९. स्वतःचा बोर्ड काढताना

मोडच्या प्रत्येक पिनेला १० किलोओम, बाजूला टेस्ट पॅड आणि सिल्कस्क्रीनवर पिनेचं नाव. बूट० थेट ग्राउंडच्या कॉपरमध्ये बुडवू नका, रेझिस्टरमधून द्या, म्हणजे अडल्यावेळी चिमट्याने ती हाय करता येते. ईएसपी३२ असेल तर ०, १२ आणि ईएनचे पॅड ठेवाच. बोर्ड फॅब्रिकेशनला पाठवण्याआधी प्रत्येक स्ट्रॅपिंग पिनेसमोर कागदावर दोन रकाने भरा: लाइट येताना तिला कोण ओढतंय, आणि बाहेरचा सेन्सर सर्वांत वाईट स्थितीत असेल तेव्हा कोण ओढतंय. दोन्हीकडे एकच उत्तर येत नसेल तर ती पिन बदलूनच फाइल पाठवा.